अबू मिझालच्या तोंडचे शब्द

जॉर्डनमध्ये, आमच्या करकच्या बाजूला कुणाच्या हातून माणूस दगावला, की मयताच्या घरी जाहा, म्हणजे माफी मागणारी मंडळी, जाते. भावकीतली वजनदार माणसं जातात आणि सगळ्यांच्या वतीने एकजण माफी मागतो. आमच्याकडे हा मान अबू मिझालचा. त्याच्या जिभेने कित्येक वैरं मिटवली होती, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

गेल्या हिवाळ्यात भावकीच्या बैठकीत एआयवरून चांगलीच जुंपली. मास्तर म्हणाले, इस्पितळात डॉक्टर वापरतात, घरात पोरं वापरतात, बंदी कसली घालता, नियम करा. दुसरा म्हणाला, ते सरकार बघेल. अबू मिझालने काठी आपटली. हिशेबाला वापरा, औषधाला वापरा, पण सोयरीक आणि रक्त या दोन कामांत यंत्राचा शब्द चालायचा नाही. ज्याला काळीजच नाही, ते माफी काय मागणार? झालं, तसाच ठराव झाला.

वसंतात त्याच्याच पुतण्याच्या ट्रकखाली शेजारच्या तफीला गावचा एक तरुण गेला. मयताच्या बापाने माफ केलं तरच पुतण्या तुरुंगातून लवकर सुटण्याची आशा होती.

म्हातारा मात्र हल्ली बोलता बोलता अडखळायचा. मागच्या सोयरिकीत तर नवऱ्या मुलीच्या बापाचं नावच विसरला होता. लोक हसले नाहीत, हेच त्याला जास्त लागलं. शेवटी त्याने धाकट्या मुलाला, रकानला, बाजूला घेतलं आणि गुपचूप फोनमधल्या एआयकडून भाषण लिहून घेतलं. ते बापाकडून पाठ करून घेताना एका वाक्यावर रकान थांबला.

"बाबा, 'मीही पोटच्या पोराला खांदा दिलाय' असं लिहिलंय यात. काढू?"

"राहू दे," म्हातारा म्हणाला. "काळजाला भिडतं."

तफीलात मुलाच्या बापाने, फवाझने, सर्वांपुढे कॉफी ठेवली. रिवाजाप्रमाणे, मागणी मान्य होईपर्यंत कुणी कपाला तोंड लावलं नाही. अबू मिझाल उठला आणि एकदाही न अडखळता बोलला. ते वाक्य आलं तेव्हा फवाझचे डोळे भरून आले. मागे बसलेली भावकी मात्र चमकली. अबू मिझालची तिन्ही मुलं हयात होती, आणि सगळे सतरंजीकडे बघू लागले.

डोळे पुसत फवाझ म्हणाला, "घ्या कॉफी. माफ केलं. अबू मिझाल, तुमच्या दुःखाकडे बघून केलं. काय नाव होतं हो मुलाचं?"

अबू मिझालला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण गडप व्हावं. खरं बोलावं तर पुतण्या अडकतो. एखादं खोटं नाव तरी सुचावं, तेही सुचेना. यंत्राने एवढं काही शिकवलं नव्हतं.

"रकान," तो म्हणाला.

फवाझने त्याचे दोन्ही हात धरले. "आजपासून माझ्या पोरासाठी दुआ मागेन, तेव्हा तुमच्या रकानसाठीही मागेन. अल्ला त्याला जन्नत देवो."

"आमीन," सगळे म्हणाले. मागच्या रांगेत बसलेला रकानही खाली मान घालून म्हणाला.