उत्तम शुक्रवारी मी ओरडले

प्रभू माझ्यावर रागावला आहे, असं मला चार वर्षं वाटत होतं. पहिल्या बाळंतपणात मी सासरी, नगरकडे, अख्खं घर डोक्यावर घेतलं होतं. कळा सोसवेनात तेव्हा देवालाही नाही नाही ते बोलले. मुलगी झाली आणि दिवस मावळायच्या आत गेली. बाप्तिस्मा झाला नाही, नावही ठेवलं नाही. भेटायला आलेल्या चुलतसासूबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "हव्वेच्या पापाची शिक्षा म्हणून वाट्याला आलेली वेदना बाईने मुकाट सोसायची असते, पोरी. तुझा विश्वास कमी पडला." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण ते बोलणं माझ्या काळजात रुतून बसलं. मीच ओरडून माझी लेक घालवली, असं मी धरून चालले आणि ते कुणालाही, अगदी यजमानांनाही, सांगितलं नाही.

यजमान शाळामास्तर. पुढे त्यांची बदली कशेळ्याच्या शाळेत झाली. तेव्हा या जिल्ह्याला कुलाबा म्हणायचे. गावात ख्रिस्ती असे आम्ही दोघंच. उपासनेला एसटीने कर्जतला जायचं, भिसेगावात एका रेल्वेवाल्या बंधूंच्या घरी. मला पुन्हा दिवस गेले तेव्हा मी गुडघे टेकून प्रभूला शब्द दिला, की या वेळी तोंडातून हूं की चूं काढणार नाही. मी मुळातच हट्टी! एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं.

आणि कळा सुरू झाल्या त्या नेमक्या उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, सकाळी. त्या दिवशी बारा ते तीन उपासना असते. प्रभू वधस्तंभावरून जे सात उद्गार बोलला, त्यांवर सात जण एकेक करून बोलतात. यजमानांच्या वाट्याला चौथा उद्गार आला होता, देवाने आपल्याला का टाकलं, असं प्रभू विचारतो तो. आठवडाभर घरात त्याची तालीम चालली होती. मला वाटलं, आज प्रभूच्या दुःखाचा दिवस, आज माझ्या दुखण्याचा बोभाटा कशाला? नर्सबाईंनी तसे अजून दहा दिवस सांगितले होते. मी हसतमुखाने यजमानांच्या हातात पिशवी दिली आणि त्यांना दहाच्या एसटीला पाठवलं. आज आठवलं की स्वतःच्याच दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात!

शेजारच्या सुमनकाकू दोनदा डोकावून गेल्या. कळ आली की मी पदराचा बोळा दातांत धरायची आणि कळ ओसरली की त्यांच्याकडे बघून हसायची. "खऱ्या कळा असत्या तर अशी गप बसली नसतीस गं. अजून येळ हाय," असं म्हणून त्या भाकऱ्या टाकायला निघून गेल्या. दोन वाजून गेले. माझ्या अंगातलं बळ संपत आलं आणि पोटातली हालचाल मंदावली. तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली. तरीही तोंड उघडेना. मी मनातल्या मनात घोकत राहिले, प्रभू, मी शब्द पाळतेय, तू माझं बाळ वाचव.

इतक्यात मागच्या दारी लाकडाची मोळी टाकल्याचा आवाज झाला. डोंगरातल्या वाडीवरची एक ठाकरीण पाणी मागायला आली होती. मी तिला कधी पाहिलंही नव्हतं. दारात उभ्या उभ्याच तिने माझा चेहरा पाहिला, विचारल्याशिवाय आत आली आणि पोटावर हात ठेवला.

"कवापासून?"

"सकाळपासून," मी कशीबशी म्हणाले.

"आन् एकटी? अगं, पोर दाराशी येऊन थांबलंय!"

तिने तिथूनच आरडाओरडा करून काकूंना बोलावलं. बाई त्यांच्या वाडीची सुईण निघाली! कशेळ्यात एवढी घरं, आणि तिला माझ्याच दारी तहान लागावी! तिने काकूंना पाणी तापवायला लावलं आणि स्वतः ट्रंकेचं कुलूप काढलं, डब्यांची झाकणं उघडली, वळकटीची दोरी सोडली, माझा अंबाडा मोकळा केला. बाईची सुटका व्हावी म्हणून घरात बांधलेलं सगळं सोडायचं, अशी त्यांची रीत.

"आम्ही ख्रिस्ती. आम्ही असलं मानत नाही," मी पुटपुटले.

"नको मानू. मला माजं काम करू दे." मग माझ्यासमोर बसून तिने माझे खांदे धरले. "समदं सोडलं मी. तुजं त्वांड त्येवढं बांदलेलं हाय. दम कोंडून पोर कसं निगंल? वरड!"

"नाही ओरडायचं. देवाला शब्द दिलाय."

"असला कसला द्येव गं तुजा? त्यो कदी वरडला नाय?"

मी थक्कच झाले. ओरडला होता! याच दिवशी, याच सुमाराला, मोठ्याने ओरडला होता. शास्त्रात ते स्वच्छ लिहिलेलं आहे. पण आमचे मास्तर तालमीत तो उद्गार इतक्या मऊ आवाजात म्हणायचे, की ती आरोळी होती हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. देवाच्या पुत्राने जे गिळून टाकलं नाही, ते मी कशाला गिळत बसले होते?

मी ओरडले. शाळेच्या कौलांवरचे कावळे उडाले, असं काकू पुढे कितीतरी वर्षं सांगायच्या! मी प्रभूला हाका मारल्या, त्याला जाब विचारला, पहिल्या लेकीचाही विचारला. पाच-सहा कळांत मुलगा झाला. पण निळसर आणि अगदी गप्प. सुईणीने त्याच्या तोंडातला चिकटा बोटाने काढला, पाठ चोळली, तळपायांवर टिचक्या मारल्या. आणि त्याने जो टाहो फोडला! "आईवर ग्येला गं ह्यो!" म्हणत ती खदाखदा हसली. मी हसत होते की रडत होते, माझं मलाच कळत नव्हतं.

तिने बाळाला माझ्याजवळ निजवलं तेव्हा चार वर्षं कुणाला न विचारलेलं मी तिला विचारलं. "माझी पहिली मी ओरडले म्हणून गेली का गं?"

ती म्हणाली, "वरडण्यानं पोरं मरत असती, तर आमच्या वाडीत एक बी पोर दिसलं नसतं."

यजमान पाचच्या एसटीने परतले आणि बाळाला बघून उंबऱ्यावरच बसले. मी त्यांना सगळं सांगितलं, लपवलेलं सगळंच. ते म्हणाले, "एवढं मोठं एकटीनं कसं वाहिलंस?" आम्ही दोघं हात धरून मोठमोठ्याने रडलो. मग मुलाच्या आधी त्याच्या बहिणीला नाव ठेवलं. करुणा.

विश्वासाने कळा कमी होतात का, असं मला पुष्कळ बाया विचारतात. नाही होत, बाई. मी फक्त एवढं सांगते, की प्रभूच्या स्वाधीन व्हायचं तर आपला आक्रोशही त्याच्या स्वाधीन करावा. तो मागे ठेवून मी त्याला काय देणार होते? त्याने त्या ठाकरणीला माझ्या दारी आणलं, याबद्दल त्याचे आभार मानताना आजही माझा आवाज चढतो. पूर्वी कुणी विचारलं की मुलं किती, तर मी खाली बघायची. आता मान वर करून सांगते, त्याच्या कृपेने दोन!