ओढ्यावरच्या पक्ष्याची हजेरी

माझा थोरला भाऊ घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं चालू केली, आणि दुकान बंद केल्यावर काय करावं, तर ओढ्याकाठी बसून एका पक्ष्याची हजेरी घ्यायला लागला. मी कपाळाला हात लावला.

पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंना सेकंदकाट्याशी इमान राखणारा माणूस हवा होता. दर अर्ध्या मिनिटाला पक्षी काय करतोय ते लिहायचं: बुडी, उड्डाण, भांडण, पिसं साफ करणं, नुसतं उभं राहणं. पक्षी चिमणीहून मोठा, तपकिरी, गुबगुबीत. गार पाण्यात बेधडक शिरायचा आणि तळाच्या दगडांखालचे किडे वेचून खायचा. हिवाळ्यात दिवस तोकडा. अंगात ऊब टिकवायची तर त्याला सतत खात राहावं लागतं, असं बाई सांगायच्या.

दादाच्या वहीत मात्र हा पठ्ठ्या निम्मा दिवस दगडावर नुसता उभा. दादा खुशीत. वहिनी गेल्यापासून घरात तोंड न उघडणारा हा माणूस जेवताना सांगायचा, "आज दहा मिनिटं माझ्याकडे बघत उभा होता. ओळखतो मला."

मी म्हणायचे, "मग चहाला घेऊन ये की एकदा."

असे दोन हिवाळे गेले. ओढ्याचं हिवाळ्यातलं पाणी कारखान्याकडे वळवायचं की नाही, ते पाणीखात्यात ठरायचं होतं. दादाच्या वह्यांवरून दिसत होतं की पक्ष्याचं पोट झटपट भरतं, म्हणजे पाणी निम्मं झालं तरी त्याचं काही अडणार नाही. बाई तसा अहवाल देणार होत्या.

त्याच्या आठवडाभर आधी दादा तापाने फणफणला. एक दिवसही कोरा जायला नको म्हणून त्याने मला पाठवलं. मी कसली उघड्या खडकावर कुडकुडत बसतेय? पलीकडच्या बंद पंपघरात शिरले आणि खिडकीच्या फटीतून बघून लिहिलं. संध्याकाळी वही त्याच्या पुढ्यात टाकली.

"तुझा मित्र दिवसभर बुड्या मारत होता. लिहून लिहून माझी बोटं आखडली."

दादाने पानं उलटली. बुडी, बुडी, बुडी. मग विचारलं, "तू बसली कुठे होतीस?" मी सांगितलं. त्याने वही मिटली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

एका दिवसावरून काय ठरतं, म्हणून मी त्याला समजावलं. पण ताप उतरताच तो स्वतः तीन दिवस त्या पंपघरात बसला. तिन्ही दिवस तेच. मग दोन हिवाळ्यांच्या वह्या काखेत मारून बाईंकडे निघाला. मीही सोबत गेले.

"हे धरू नका," तो म्हणाला. "मी समोर बसायचो म्हणून तो खायचा थांबायचा. चूक माझी आहे."

बाईंचा चेहरा पडला. पण त्यांनी अहवाल थांबवला, खात्याकडून आणखी एक हिवाळा मागून घेतला आणि पंपघरातून नव्याने मोजायचं काम दादालाच दिलं.

परत येताना मलाच भरून आलं. म्हटलं, "आता तू दडून बसणार. तो तुझ्याकडे बघायचासुद्धा नाही. करमेल तुला?"

"मला वाटायचं, सोबतीला थांबतोय," दादा म्हणाला. "तो मी कधी उठतोय याची वाट बघत उपाशी उभा असायचा गं."