माहेरची हिरवी चोळी

सातव्या महिन्यात डोहाळे काय लागलेत असं सगळ्याजणी विचारायच्या. मला एकच डोहाळा होता, पोटभर श्वास घ्यायचा. गिरगावात चाळीतल्या दोन खोल्यांत सासूबाई, हे आणि मी. माझ्या सगळ्या गाठीच्या चोळ्या लग्नातल्या. छातीखाली गाठ मारली की तिथे लाल वळ उठायचा. "आम्ही नाही हो घातल्या?" सासूबाई म्हणायच्या.

समोरच्या चाळीत एक मास्तरीणबाई राहत. त्यांनाही दिवस गेले होते, पण त्या पुढे गुंड्यांचं सैलसर पोलकं घालून ताठ चालायच्या. काय रुबाब होता त्यांचा! मी यांच्या मागे भुणभुण लावली. शेवटी मी सांगितली तशी निळ्या फुलांची छीट यांनी आणली, आणि मास्तरीणबाईंनी पोलकं बेतून शिवून दिलं. सासूबाई कीर्तनाला गेल्या की मी ते घालायची. अशा दोनच दुपारी मिळाल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते माझ्या पेटीतून काढलं आणि माझ्यादेखत चुलीत कोंबलं.

"गुंड्या मडमांना शोभतात," एवढंच म्हणाल्या.

मी जळतं पोलकं ओढायला गेले, तर त्यांनी फुंकणीने माझ्या मनगटावर हाणलं. मी फुंकणी हिसकावून खिडकीबाहेर भिरकावली. माझा राग पहिल्यापासून नाकावर.

डोहाळजेवणाला हिरवी चोळी माहेरची लागते. आई कोकणात, आमची भेट होऊन वर्ष उलटलेलं. तिने बोटीवरून येणाऱ्या माणसाबरोबर खणाची चोळी शिवूनच पाठवली, आणि मापाला घेतली होती माझी माहेरी राहिलेली जुनी चोळी. आईच्या डोळ्यांपुढे मी अजून तेवढीच होते. चोळी हातात घेतल्यावर मला आधी हसू आलं आणि मग रडू.

"माहेरची चोळी अंगाला लागल्याशिवाय ओटी भरायची नाही," सासूबाई म्हणाल्या.

पाच सवाष्णी जमल्या होत्या. बाह्या कशाबशा चढल्या, पण पुढे वीतभर अंतर राहिलं. दोघींनी माझे हात मागे धरले. सासूबाईंनी चोळीची दोन्ही टोकं पकडली आणि बरगडीवर गुडघा रेटून गवताचा भारा आवळावा तशी गाठ आवळली. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पोटातलं मूल ढुसण्या मारायला लागलं. मी सासूबाईंच्या हाताचा कडकडून चावा घेतला. रक्त आलं. त्या किंचाळल्या तशा दोघींचे हात सुटले, आणि विड्याच्या तबकातला अडकित्ता उचलून मी ती गाठ कातरून टाकली.

सासूबाईंनी माझ्या थोबाडीत दिली. "पोटुशी असून शुभाच्या चोळीला शस्त्र लावलंस गो? पोर फाटक्या ओठाचं येईल, बघशील."

गॅलरीत उभे असलेले हे आत आले. आपल्या आईचा रक्ताळलेला हात बघून त्यांनीही मला मारलं, एकदा नाही, तीनदा. माझ्यासाठी छीट आणणारे ते हेच. बायका मान खाली घालून बसल्या होत्या.

"येऊ दे फाटक्या ओठाचं," मी म्हटलं. "त्याला मी पाजीन. गुदमरलेलं नको मला."

म्हटलं खरं मोठ्या तोऱ्यात. त्यानंतर चोळीचं नाव कोणी काढलं नाही, मी यांचा जुना सदरा घालून वावरले, त्याच्यावर पदर घ्यायची. अंगाला आराम होता. मनाला मात्र कुठेच नव्हता. आमटी ढवळताना, धुणं पिळताना मला तो ओठ दिसायचा. ही सगळी खुळी समजूत आहे असं मी स्वतःला बजावायची, आणि लगेच देवापुढे नाक घासायची. दोन महिने मी कोणालाही सांगितलं नाही.

मुलगी झाली. सुईणीने तिला माझ्या कुशीत दिलं. ती भुकेने तोंड हलवत होती, रडून लालबुंद झाली होती.

"घे बाय पदराखाली," सुईण म्हणाली.

मी घेतलं नाही. आधी तिच्या ओठांवरून बोट फिरवलं, मग तोंडात घालून आतल्या टाळूवरून, आणि पुन्हा ओठांवरून. सगळं धड होतं. ती माझं बोट चोखायला लागली, तरी मी तपासतच होते.

मार मी केव्हाच विसरले. पण माझ्या लेकीला आईचा पहिला हात लागला तो असा, संशयाचा. त्याचं खापर मी कोणावरही फोडू शकत नाही. बोट माझं होतं.