खुर्चीपुढचा डाग

आमचे हे गालिचे धुतात. म्हणजे कुत्र्यामांजरांनी घाण केलेले. तीस वर्षं झाली. गुडघे टेकून गालिच्याला नाक लावतात आणि सांगतात, हे मांजराचं, कालचं. हे कुत्र्याचं, महिन्यापूर्वीचं. मी मागे बादली नि मशीन घेऊन. लग्न ठरवताना मला सांगितलं होतं, मुलाचा सफाईचा मोठा धंदा आहे! पण नाकाच्या बाबतीत माणूस सच्चा. एका जनावराचं पाप दुसऱ्यावर कधी ढकललं नाही.

एकदा एका घरच्या सूनबाईंनी आम्हाला दारातच गाठलं. "हॉलमधला डाग कुणाचा ते आधी सांगा," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "बाबांचा असेल तर त्यांना वृद्धाश्रमात ठेवणार. कुत्र्याचा असेल तर आजच शेवटचं इंजेक्शन. चौदा वर्षांचा आहे, पुरे झालं. बाबांना सांगू, ओळखीच्यांकडे ठेवलाय."

मला असा संताप आला! पण आपण पडलो कामाची माणसं.

आरामखुर्चीत म्हातारे सासरे, पायाशी कुत्रा, पुढ्यात वीतभर पिवळा डाग. ह्यांनी नाक लावलं आणि चेहरा उतरला. त्या डागाला औषधाच्या गोळ्यांचा वास होता. कुत्रा कुठला गोळ्या खातोय! सूनबाई फोन घ्यायला आत गेल्या, तशी म्हाताऱ्याने ह्यांची बाही धरली. "कुत्र्याचं म्हणा हो. त्याला कुणीही सांभाळेल. मला कोण घेणार?"

सूनबाई आल्यावर हे म्हणाले, "कुत्र्याचं आहे."

त्या दिवशी हे घरी येऊन जेवले नाहीत. "अहो, माणूस वाचवलात," मी खेकसले. "त्या मुक्या जिवाने माझा हात चाटला गं," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

महिन्याने पुन्हा फोन. डाग तिथेच, ओला. कुत्रा नाही. सूनबाई हाताची घडी घालून उभ्या. ह्यांनी नाक लावल्यासारखं केलं. "जुनाच आहे. खाली मुरलेलं कधीकधी वर येतं." येतं खरं तसं, त्यामुळे खपूनही गेलं असतं. मी ह्यांना डोळ्यांनीच खुणावलं, टिपा पटकन आणि निघा.

तेवढ्यात म्हातारा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उभा राहिला.

"खोटं आहे ते. हे माझं आहे. तेव्हाचंही माझंच होतं." मग सुनेकडे वळला. "मला पाठव कुठे पाठवायचं तिथे. कपडे भरून ठेवलेत मी. त्याला तेवढा परत आण. माझ्याशिवाय जेवत नाही गं तो."

सूनबाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे ओलं फडकं हातात धरून तसेच बसलेले.

"आजच आणशील ना?" म्हाताऱ्याने विचारलं.