निसतं बघायला

चौऱ्याऐंशी साली मी बी.ए. झालो, घरातला पहिलाच. त्या दिवाळीत पालीहून सायकल काढून आतल्या खोऱ्यातली घळ बघायला गेलो. नदीच्या दोन्ही काठांना काळ्या कातळाचे सहाकोनी खांब रचल्यासारखे उभे होते.

तिथं साठीची एक बाई उभी होती. तिचा हात सारखा डोक्याकडे जाई, नसलेला भारा सावरायला.

"लाकडांना रोज याच वाटेनं जाते," ती म्हणाली. "पण भाऱ्याखाली मान वर होत नाय. उद्या मुंबईला चालले, लेकाकडं, कायमची. म्हटलं, लोकं एवढ्या लांबनं येतात, एकदा बघून घेऊ. इथं काय करायचं असतं रे?"

"काही नाही, मावशी. बसायचं आणि बघायचं."

"निसतं?" ती खळखळून हसली. "सासू असती तर म्हणाली असती, कामं सरली वाटतं बाईची!"

मग पाण्यात पाय सोडून बसली.

"नातवंडं विचारतील, आजी, तुझ्या गावात काय हाय? लाकडं नि शेण, एवढंच सांगू काय?"

माझ्या आईला असं स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

ऊन कलल्यावर मी म्हटलं, "चला मावशी, चढावर सोबत होईल."

"तू जा बाबा," ती मान न वळवता म्हणाली. "माझं अजून बघून नाय झालं."