लाटंबार्शातल्या बागायतीत माझा प्रबंध

पीएच.डी.ची तोंडी परीक्षा तोंडावर आली होती, आणि मी मार्गदर्शक मॅडमना म्हटलं, "आधी लाटंबार्शाला जाऊन येते."

"आता कसला नमुना राहिला?"

"नमुना नाही मॅडम. निकाल सांगायचाय."

काजूच्या मोहरावर कोणत्या माशा येतात, हा माझा विषय. गोव्यातल्या लाटंबार्शात, शाणूकाकांच्या काजूच्या बागायतीत मी तीन हंगाम काढले. पहिल्या दिवशी परवानगी मागितली तेव्हा ते म्हणाले होते, "लोक येतत, झाडांक चिठ्ये बांधतत आणि जातत. काय गावला तां सांगूक कोण परत येणा नाय." काय सापडलं ते सांगायला मी येईन, म्हणाले होते.

पेडण्याहून सकाळची म्हापशाची बस पकडली. म्हापशाला स्टँडजवळ गरम पाव आणि पातळ भाजी खाल्ली. मिरची भजी वेगळी मागून घ्या, पश्चात्ताप होणार नाही. तिथून डिचोली, मग लाटंबार्से. शेवटच्या टप्प्याला बस कमी आहेत, म्हणून उतरतानाच कंडक्टरला परतीची वेळ विचारून ठेवा. अख्खा प्रवास किरकोळ पैशांत होतो. एप्रिलमध्ये गेलात तर गाव यायच्या आधीच पिकलेल्या बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा, वास खिडकीतून आत येतो.

"इलंस गो बाय!" काकांनी पडवीत खुर्ची ओढली. त्यांच्या सूनबाईंनी, मंगलवहिनींनी, नीरो, म्हणजे बोंडूंचा ताजा गोड रस, दिला. शेजारचे चारपाच जण जमले. लॅपटॉप न उघडता मी बोलले. ओहोळाकडच्या झाडांवर रानमाशा, म्हणजे जंगली मधमाशा, जास्त येतात, कारण त्यांची घरं ओहोळाच्या रानात आहेत. त्या मोहरावर पराग नेतात, म्हणून तिथे फळही जास्त धरतं.

वहिनी हळूच म्हणाल्या, "तां रान उद्या तोडूचा आसा. नवी कलमां लावूची म्हणान."

तीन हंगाम बघितलेलं सांगणं भाग होतं. "काका, ते तोडू नका."

"माज्या जाग्यात?"

"जागा तुमचीच. पण तोडलंत तर माशा जातील, आणि फळ कमी होईल असं मला वाटतं."

"आणि तुजा चुकला तर?" एका शेजाऱ्याने विचारलं.

"तर याच पडवीत येऊन सांगेन, चुकले म्हणून."

काका उठले आणि मला घेऊन ओहोळापर्यंत गेले. तिथल्या झाडांवर धरलेले बोंडू निरखले. मग वर हाक मारली, "मंगल, कामगारांक फोन कर. उद्या फक्त वरची बाजू तोडूची. हयसर, ओहोळाकडे, हात लावूचो नाय." माझ्याकडे वळून म्हणाले, "एक वर्स बघूया."

संध्याकाळी पेडण्याला घरी पोचले. वहिनींनी बांधून दिलेले बोंडू आईने चिरून मीठ लावून खाल्ले. विद्यापीठात माझा प्रबंध कपाटात जाईल, पदवीही मिळेल. पण माझं म्हणणं खरं की खोटं, ते लाटंबार्शाचं एक रान ठरवणार आहे. पुढच्या मोहराला मी तिथे जाणार, आणि मला त्याची अजिबात भीती वाटत नाही.