लालबाग ते गिरगाव: सहा बाटल्या द्राक्षसरबतासह

कुणाकडूनही न शिकता मी स्वतःच्या हातांनी बनवलेल्या वस्तू: कपडे वाळत घालायची, दोरीने वरखाली होणारी दांडी; चपलांचं तीन मजली कपाट; बिनधुराची मच्छर अगरबत्ती (किंचित धूर येतो); आणि यंदाच्या चैत्रात काळ्या द्राक्षांचं बिनसाखरेचं सरबत, सहा बाटल्या. हे प्रवासवर्णन शेवटच्या वस्तूचं आहे.

माझी थोरली बहीण सुनंदाताई गिरगावात खोताच्या वाडीला लागून राहते. तिच्याकडे चैत्रातलं हळदीकुंकू, बायका चाळीस. दरवर्षी ती पन्हं करते. यंदा मी जाहीर केलं, सरबत माझं. भाऊजी म्हणाले, "मेव्हणे, बघा हं. बिघडलं तर गिरगावभर होईल." झालं! आता माघार घेणं शक्यच नव्हतं.

शनिवारी सकाळी सातला भायखळा मार्केट. द्राक्षं घेताना देठ बघा, हिरवा हवा. मी चार किलो घेतली, नव्वद रुपये किलोने. तिथून दादर, गुळासाठी. पिवळाधमक गूळ दिसला की पुढे चालू लागा. काळपट, ओबडधोबड ढेप मिळेपर्यंत थांबू नका. मला ती पाचव्या दुकानात मिळाली. दुकानदार म्हणाला, "काका, गूळच घेताय ना? मुलगी बघितल्यासारखं काय करताय?"

आता कृती. अमृत कोकमाला आपण सालांच्या दुप्पट साखर घालून बरणी उन्हात ठेवतो, गॅस लागत नाही. तीच पद्धत मी द्राक्षांना लावली. फक्त साखरेच्या जागी गूळ, आणि तोही द्राक्षांच्या पाव हिश्श्याने. गोडाचा मारा कशाला? तिसऱ्या दिवशी बरणीत बुडबुडे दिसले.

"अहो, ते उकळतंय," बायको म्हणाली.

"मुरतंय," मी म्हटलं.

सहाव्या दिवशी गाळून बाटल्यांत भरलं, बुचं ठोकली, 'शुद्ध सरबत' असं लेबल सुवाच्य अक्षरात चिकटवलं आणि हळदीकुंकवाच्या दुपारी लालबागहून बस धरली. खिडकीची जागा मिळाली, पण उन्हाची बाजू. बाटल्या नेणाऱ्यांनी सावलीची बाजू पकडावी. भायखळ्याच्या पुलावर बस आदळली आणि फाट्! एक बूच छताला लागून कंडक्टरच्या खांद्यावर पडलं.

"काका, पिशवीत काय आहे?"

"घरचं सरबत."

"सरबत गोळीबार करतंय होय? धरून बसा त्याला!"

पुढचा सगळा रस्ता मी पाच बुचांवर दोन्ही तळहात पसरून बसलो. सुंदर इमारती होत्या म्हणतात, मला दिसल्या नाहीत.

ताईकडे पोचलो. पहिला मान तिच्या सासूबाईंचा. त्यांनी एक पेला घेतला, मग दुसरा. "सुनंदा, घशाला छान ऊब येते गं. अजून आहे?" आणि लहानपणी भाऊजींना 'ढेमशा' म्हणायचे, ही इतकी वर्षं राखलेली गोष्ट त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकली. भाऊजी लाल झाले. ताईने माझ्याकडे बघितलं आणि शेजारच्या फिलोमिना आंटींना हाक मारली. त्या दर नाताळात द्राक्षांची वाईन करतात.

आंटींनी हुंगलं, घोट घेतला, डोळे मिटले. "बाबा, ही वाईन हाय. आन चांगली हाय."

"सरबत आहे," मी म्हटलं.

"गोड कमी, रस तापवला नाय, वर घट्ट बूच. दुसरं काय व्हनार?"

बायका यायला अर्धा तास होता. ताईने माझ्या हातात किसणी आणि दहा कैऱ्या दिल्या. मी किसल्या, एकसारख्या, पातळ. चाळीस बायकांनी त्या किसाचं पन्हं पिऊन वाटी-वाटी आंबेडाळ खाल्ली आणि गिरगावभर काही झालं नाही. सासूबाई मात्र आतल्या खोलीत गाढ झोपल्या होत्या, हसऱ्या चेहऱ्याने.

तुम्ही करणार असाल तर रस आधी उकळा, गूळ रसाच्या बरोबरीने घाला, फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा. मीही आता तसंच करतो.

परतीला टॅक्सी केली, पाचही बाटल्या मांडीवर. घरी पोचतो तोच आंटींचा फोन. रविवारी त्यांच्याकडे पाहुणे होते. पाची बाटल्या घेईन म्हणाल्या, अट एकच: 'सरबत' हे लेबल काढून 'वाईन' लिहायचं. मी सरबतच केलं होतं, ते पुढे काय झालं हा त्याचा प्रश्न. मी नाही म्हटलं. बाटलीला सहाशे, म्हणजे पाच बाटल्यांचे तीन हजार रुपये रोख सोडले.